ड्रंक अँड ड्राइव्हची केस: कबूल करून दंड भरायचा, की लढायचं?

मिरजकर तिकटी
थर्टी फर्स्ट झाला, आषाढातली जेवणं झाली, की कोल्हापुरात तावडे हॉटेल, शिरोली नाका, रंकाळा इथं नाकाबंदी लागते. दुसऱ्या दिवशी पकडलेल्याला सगळे एकच सांगतात: कसबा बावड्याला कोर्टात जा, गुन्हा कबूल कर, दहा हजार भर आणि मोकळा हो. माझ्या मते हा सल्ला बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सरळ आहे. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. प्यायला असेल तर प्यायलोय म्हणावं. वकील लावून मशिनच्या तारखा आणि सीलची लाख तपासत बसायची, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी जिवाशी खेळायला पुन्हा मोकळं व्हायचं. तुम्हाला काय वाटतं?

खासबाग
दादा, भावना पटते, सल्ला पटत नाही. दहा हजार भरून कुणी मोकळा होत नाही. कलम 185 तडजोडीचं नाही. हेल्मेटचं चलन मोबाइलवर भरून मिटतं, तसं हे मिटत नाही. कबुली दिली की दोषसिद्धी होते. त्यानंतर कलम 20 प्रमाणे कोर्टाला लायसन्सवर बंदी घालावीच लागते आणि ती किमान सहा महिन्यांची असते. टेम्पो, रिक्षा, कंपनीची गाडी यावर घर चालतं त्याच्यासाठी खरी शिक्षा ही आहे, आणि कबुलीच्या रांगेत उभा असताना ते त्याला कुणी सांगत नाही. शिवाय कबुलीनंतर अपील उरतं ते फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं. पूर्वी तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तरच दुसरा गुन्हा धरत. 2019 च्या दुरुस्तीत ती अट काढून टाकली. म्हणजे आजची कबुली पंधरा वर्षांनीसुद्धा 'पहिला गुन्हा' म्हणून समोर येऊ शकते.

म्हणून आधी कागद वाचा. मशिनची प्रिंट हातात घ्या. त्यावर मशिनचा नंबर, तारीख, वेळ, आकडा, नाव आणि सही आहे का? प्रिंटवरची वेळ आणि फिर्यादीतली वेळ जुळते का? कॅलिब्रेशन, म्हणजे मशिन बरोबर मोजतंय का याची तपासणी, शेवटचं कधी झालं, त्याचा दाखला दोषारोपपत्राबरोबर आहे का? मशिन केंद्र सरकारनं अधिसूचनेनं मान्य केलेल्या प्रकारचं लागतं, हे कलम 203 मध्येच लिहिलंय. हे बघणं म्हणजे पळवाट शोधणं नव्हे. ज्या आकड्यावर माणसाला तुरुंगात घालता येतं, तो आकडा तपासून घेणं आहे.

कळंबा
वकीलसाहेब, लायसन्सवरची सहा महिन्यांची बंदी तुम्ही संकट म्हणून मांडताय. मला तर या कायद्यातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटते. दहा हजार काही लोक एका रात्रीच्या बिलात घालवतात. गाडीची किल्ली हातातून गेली तरच फरक पडतो.

आणि 'एकच घेतली होती' म्हणणाऱ्यांसाठी हिशेब मांडते. लार्ज पेग 60 मिली, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनात साधारण 20 ग्रॅम. 70 किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते 100 मिलीला सुमारे 43 मिलिग्रॅम होतं. म्हणजे एकाच पेगला हद्द ओलांडली. 55 किलोच्या बाईला तोच पेग साठ-सत्तरपर्यंत नेतो. आठ टक्क्यांची स्ट्राँग बीअर, 650 मिलीची एक बाटली, म्हणजे 41 ग्रॅम आणि 85 च्या आसपास. शरीर तासाला सरासरी 15 मिलिग्रॅम उतरवतं. ती एक बाटली 30 च्या खाली यायला पावणेचार तास लागतात. ताक, लिंबू, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानंही हा वेग वाढत नाही. पोट भरलेलं असेल तर आकडा थोडा कमी आणि उशिरा चढतो, इतकंच. तेव्हा गाडी चालवायची असेल त्या रात्री किती प्यायची याचं उत्तर शून्य आहे. तुम्ही लोकांना ते आधी सांगा, प्रिंट वाचायला नंतर शिकवा.

पंचगंगा घाट
ताईंचा हिशेब बरोबर आहे. पण आकडा कुठून येतो ते बघितलं, तर खासबागवाल्यांचं म्हणणं टाळता येत नाही.

फुंक मारायच्या मशिनमध्ये रक्त नसतं. श्वासातल्या अल्कोहोलला 2100 नं गुणून मशिन रक्ताचा अंदाज काढतं. तो अंदाज चांगला असतो, पण फुफ्फुसातली खोल हवा आत गेली तरच. नुकताच घोट घेतला असेल, उलटी झाली असेल, माउथवॉशनं चूळ भरली असेल, तर तोंडातलंच अल्कोहोल मोजलं जातं आणि आकडा भलताच चढतो. यावर उपाय साधा आहे. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, काही खाऊपिऊ द्यायचं नाही, नवी नळी लावायची, आधी मशिन शून्य दाखवतंय हे बघायचं, मग फुंक घ्यायची. आणखी काही मिनिटांनी दुसरी घ्यायची. दोन आकडे जवळ आले की वाद मिटला. 'मला शुगर आहे, त्याचा वास असेल' हा बचाव मात्र फ्युएल सेलच्या मशिनपुढं टिकत नाही. शुगरवाल्याच्या श्वासात येणाऱ्या अ‍ॅसिटोनला त्यातला सेन्सर दाद देत नाही.

रक्ताचं काम आणखी नाजूक. मुंबई दारूबंदी कायद्याखालचे 1959 चे रक्तचाचणी नियम शब्द न् शब्द सांगतात: कातडी निर्जंतुक पाण्यानं पुसायची, कुठल्याही टप्प्यावर स्पिरिट लावायचं नाही, शिरेतून किमान 5 सीसी रक्त घ्यायचं, गोठू न देणारं आणि टिकवणारं द्रव्य असलेल्या बाटलीत ते घालून जोरात हलवायचं, लेबल लावायचं, लाखेनं सील करायचं आणि सात दिवसांत तपासणीला पाठवायचं. आपली प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा कोल्हापुरातच आहे, अंतराची सबबसुद्धा नाही. बाटलीत सोडियम फ्लोराइड, म्हणजे ते टिकवणारं द्रव्य, नसेल तर रक्तातले जंतू साखरेपासून बाटलीतच अल्कोहोल बनवू शकतात, नाहीतर आहे ते खाऊन टाकतात. बाटली हलवली नाही तर गुठळी होते. हॉस्पिटलच्या लॅबनं अख्ख्या रक्ताऐवजी सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यात, मोजलं तर आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त दिसतो. 33 आणि 29 मधला फरक इथं पडतो. हे सगळं नीट केलं तर दोषी सुटत नाही आणि निर्दोष अडकत नाही. वकील सील बघतो म्हणून केस पडत नाही. सील नसतं म्हणून पडते.

बिंदू चौक
एवढं कशाला? अटक केल्यावर दोन तासात डॉक्टरकडं नेलं नाही की केस उडते. आणि मशिनमध्ये फुंकायलाच नकार दिला की पुरावाच नाही. सगळ्यांना माहीत हाय.

खासबाग
भावा, दोन्ही चूक, आणि या दोन गैरसमजांनी लोकांचं भलतंच नुकसान होतं.

कलम 202 म्हणतं की 185 खाली अटक केलेल्याची दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी करा, नाहीतर त्याला कोठडीतून सोडा. कोठडीतून, खटल्यातून नव्हे. रस्त्यावरची प्रिंट पुराव्यात राहते. उशिराचा मुद्दा बचावात मांडता येतो, पण नुसता तेवढाच घेऊन गेलात तर काही हाती लागत नाही.

नकाराचं म्हणाल, तर संशयाला कारण असताना फुंक मारायला नकार दिला की कलम 203 खाली विनावॉरंट अटक करता येते. चौकीत पुन्हा संधी देतात, तीही नाकारली की 204 खाली रक्त मागता येतं. बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असेल तर दुसऱ्या बाईच्या समोरच घ्यावं लागतं, तेही तिथंच लिहिलंय. सबळ कारण नसताना नकार दिला तर 205 प्रमाणे तो नकारच सरकारी पुराव्याला बळ देतो. 'गाडी चालू नव्हती, नुसता स्टिअरिंगवर बसलो होतो' हेही जपून म्हणा. कलमात चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्यालाही धरलंय.

जिथं चाचणीच झाली नाही आणि डॉक्टरनं तोंडाला वास, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, चाल डळमळीत एवढंच लिहिलं, तिथं बचावाला खरा आधार आहे. बचूभाई करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1971 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं नुसत्या अशा लक्षणांवर नशा सिद्ध झाल्याचं मानलं नाही. 185 साठी तर आकडा हाच गुन्ह्याचा गाभा आहे.

कळंबा
या निकालावर विसंबून राहणाऱ्यांनी पुढचंही वाचावं. फौजदारीत सुटलात तरी विम्यात अडकता. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या 2021 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झाली नसली तरी विमा कंपनी इतर पुराव्यावरून चालक नशेत होता हे दाखवू शकते. गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथं गेला.

आणि अपघातात माणूस मेला तर विषय 185 चा राहतच नाही. मुंबईत कार्टर रोडवर 2006 मध्ये फुटपाथवर झोपलेले सात जण गाडीखाली गेले. अ‍ॅलिस्टर परेराच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे 100 मिलीत 112 मिलिग्रॅम. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. तो गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 105 मध्ये आहे. शेजारी बसून 'चल रे, काय होत नाही' म्हणत किल्ली देणाराही लांब राहत नाही. कलम 188 प्रमाणे चिथावणी देणाऱ्याला तीच शिक्षा आहे. तुमच्या धाग्यात त्या फुटपाथवरच्यांची बाजू कुणी घेतली नाही, म्हणून एवढं लिहिलं.

मिरजकर तिकटी
ताई, मुद्दा मान्य. खासबाग, तुमचं वाचून माझं म्हणणं थोडं सुधारतो. प्रिंटवर 110 आहे, दोन फुंका घेतल्यात, वेळा जुळतात, रक्ताचा अहवालही तेच सांगतो, तर लढू नये. कोर्टाचा आणि स्वतःचा वेळ घालवू नये. 33 वगैरे असेल, एकच फुंक आणि कॅलिब्रेशनचा पत्ता नसेल, तर कागद मागावेत. पण कागद व्यवस्थित असतानाही तारखांवर तारखा घेत साक्षीदार पोलिसाची बदली व्हायची वाट बघणं, याला मी बचाव म्हणणार नाही.

खासबाग
त्याला मीही म्हणत नाही. पण कबूल करायचं ठरलं तरी कागद वाचूनच करा, आणि शिक्षेवर बोला. पहिलाच गुन्हा आहे, अपघात नाही, चाचणीला सहकार्य केलं, हे न्यायाधीशांपुढं मांडलं तर कैद टळायला मदत होते. लायसन्स पोलिसांनी जागेवर घेतलं असेल तर त्याची पावती जपा. 206 खाली ते आरटीओकडं जातं आणि तिथली निलंबनाची कारवाई कोर्टापेक्षा वेगळी चालते, तिथून नोटीस आली की उत्तर द्यावं लागतं.

आणि बंदीच्या काळात 'कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच' म्हणून मोपेड काढू नका. बंदी असताना चालवणं हा कलम 182 चा वेगळा गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही.