मदत हवी आहे: सणाच्या गावातल्या हलक्याफुलक्या रहस्यकथा

मंडळी, व्हिकी डिलेनी यांच्या 'इयर राउंड ख्रिसमस' मालिकेसारखं आणखी काही सुचवाल का? न्यूयॉर्क राज्यातलं रुडॉल्फ हे काल्पनिक गाव, बाराही महिने नाताळ. नायिका मेरीचं भेटवस्तूंचं दुकान आहे, आणि तिचे वडील गावाचे सांताक्लॉज! २०१५ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात नाताळच्या मिरवणुकीच्या गडबडीत एक पत्रकार मरतो आणि संशय थेट मैत्रिणीच्या बेकरीतल्या जिंजरब्रेडवर. पोलिसांइतकीच काळजी दुकानदारांना, कारण पर्यटक फिरकले नाहीत तर गाव खाणार काय? खुनी कोण यापेक्षा मला हीच धाकधूक जास्त आवडली.

आता आईसाठी शोधतेय. तिला रक्तपात, छळ, विकृत खुनी अजिबात नको. खून पडद्याआड, चौकशी चहा-बिस्किटांवर, मधेमधे गावगप्पा, असं पाहिजे. प्रेमप्रकरण असलं तर चालेल, पण तोंडी लावण्यापुरतंच. ॲगाथा ख्रिस्ती तिची पाठ आहे, त्यामुळे ती सुचवू नका प्लीज.

नाताळच हवा असंही नाही. हॅलोविनचं गाव, ईस्टरचं गाव, काहीही चालेल. अशा मालिका क्रमानेच वाचाव्या लागतात, की मधलं पुस्तक उचललं तरी चालतं? डोळ्यांना त्रास होतो तिच्या, म्हणून ऑडिओबुक असेल तर फारच छान.

आणि मराठीत असं काही आहे का हो? जत्रेच्या दिवसांत, नाहीतर गणपतीत भरलेल्या कोकणातल्या वाडीत घडणारं? मुंबईकर, गावकरी, भाऊबंदकी... संशयितांना काय तोटा!