मदत हवी आहे: भोपाळला एकटीने ३ दिवस, भीमबेटकाला कसं जाऊ?
नागपूरहून शनिवारी सकाळी भोपाळला पोचतेय, सोमवारी रात्री राणी कमलापती स्टेशनहून परतीची गाडी. शनिवार बडा तालाबासाठी. नागपुरात फुटाळा तलावावर मावळतीला बसायची सवय, तोच वेळ तिथेही काठावर घालवायचाय. रविवारी मानव संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय, कारण सोमवारी दोन्ही बंद. सोमवारी भीमबेटका. खडकावरच्या चित्रांसाठीच तर निघालेय, ते सोडणार नाही. (सांची झालंय.) टॅक्सीवाल्यांना फोन केले, एकटीला परवडत नाही. बसने गेले तर हायवेपासून गुहांपर्यंत साधारण ३ किलोमीटर चढ, आणि माझा गुडघा दुखरा. कुणी बसने गेलंय का? भीमबेटकाजवळच्या ओबेदुल्लागंजला उतरून जाऊन-येऊन, वर थांबणारी रिक्षा मिळते का? किती घेतात?