सीटखाली इंजिन घालणारी एस्टिमा: अक्कल की हट्ट?

घाटवळण:
मत आधी सांगतो, मग खुशाल जोडे मारा. जपान्यांनी घरच्या गोतावळ्यासाठी सात-आठ सीटांच्या गाड्या ढिगाने काढल्या, पण माझ्या लेखी कोऱ्या कागदावर आखलेली खरी एकच: १९९० ची पहिली टोयोटा एस्टिमा, परदेशातली प्रेव्हिया. २.४ लिटरचं इंजिन ७५ अंशांत कलतं करून पुढच्या सीटांखाली सरकवलं. त्यामुळे नाक आखूड, वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास सारखं आणि पुढपासून शेपटीपर्यंत एकच गोलसर रेघ. जपानी जाहिरातीत तिला 'तेन्साई तामागो' म्हणायचे, म्हणजे अतिहुशार अंडं!

पानापक्कड:
घाटवळणराव, अंडं हुशार होतं, पण कोंबडीचे हाल झाले त्याचं काय? इंजिन सीटखाली, आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), एसीचा कॉम्प्रेसर, पंखा हे सगळं पुढे बॉनेटखाली. दोघांना जोडायला मध्ये लांबलचक शाफ्ट. चूल माजघरात आणि फुंकणी ओसरीवर, असला संसार. जागा इतकी तंग की सहा सिलिंडरचं इंजिन बसेना. अमेरिकेत क्रायस्लरवाले व्ही-६, म्हणजे सहा सिलिंडरवाल्या, गाड्या विकत होते, टोयोटाने इंजिनात जोराने हवा कोंबणारा सुपरचार्जर लावून वेळ मारून नेली. १९९७ मध्ये तिथे आपल्याच कॅमरी मोटारीवर बेतलेली सिएना आणली, इंजिन पुढे. २००० च्या दुसऱ्या एस्टिमाचंही पुढेच. ज्यांनी हट्ट धरला त्यांनीच तो सोडला, आता तुम्ही कशाला धरून बसलाय?

ऑकलंडकर:
इथे न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या सेकंडहँड एस्टिमा खूप. मीही पाच वर्षं एक वापरली. पहिल्यांदा प्लग बदलले तेव्हा बघत राहिलो: सीट बाजूला, गालिचा वर, झाकण काढलं की खाली इंजिन कुशीवर झोपलेलं. मेकॅनिक बॉनेटवर ओणवा होण्याऐवजी गाडीत मांडी घालून बसला, पंगतीला बसल्यासारखा. लांबच्या प्रवासात बुडाखाली ऊब यायची. जुलैत सासूबाई खूश, फेब्रुवारीत माझा उद्धार.

मागचीसीट:
हुशारी कसली, गरज बघा. होंडाकडे १९९४ ला उंच गाडी बनवायला वेगळी लाइन नव्हती. सायामाच्या कारखान्यात आपल्याच अकॉर्ड मोटारीच्या सांगाड्यावर बसवून काढली ती ओडिसी. म्हणून बुटकी, म्हणून चारही दारं साध्या मोटारीसारखी. पण वळणावर डुलत नाही, साडी नेसून चढताना उडी मारावी लागत नाही, आणि तिसरी रांग घडी घालून जमिनीत गडप. जपानात तिच्यावर उड्या पडल्या. अडचणीतून निघालेली गाडी कोऱ्या कागदाला भारी पडली.

घाटवळण:
दारांचं बोललातच म्हणून. शेजारची गाडी चिकटून उभी, कडेवर झोपलेलं पोर, आणि बाहेर उघडणारं दार. करून बघा एकदा. एस्टिमाला एकाच बाजूला का होईना, सरकतं दार होतं. होंडाने २०१३ च्या ओडिसीला सरकतीच दारं दिली. मग हट्ट कोणी सोडला, पानापक्कड?

पानापक्कड:
सोडला, म्हणून शहाणे झाले. आणि तुमच्या कोऱ्या कागदावर गल्ली मोजायची राहिली होती. रुंदी १.८ मीटर! जपानात १.७ च्या वर गेलं की गाडी वरच्या वर्गात, शिवाय घरापुढच्या बोळात ती वळवायची कशी? १९९२ मध्ये ११ सेंटिमीटर अंग चोरून लुसिडा आणि एमिना या अरुंद एस्टिमा काढाव्या लागल्या.

घाटवळण:
अंग चोरलं, पण इंजिन जिथल्या तिथे ठेवलं. ते सोयीने विसरलात.

मागचीसीट:
इंजिन राहू द्या हो, माणसं मावली का ते सांगा.

ऑकलंडकर:
मी सांगतो. माझी लुसिडाच होती. कागदोपत्री आठ सीटा, मागच्या रांगेत तिघं. सासरेबुवा बसले की दोघंच.