‘कोर्ट’ तुम्ही आत्ता पाहिलात, मग शिव्या आम्हाला का?

आडवाट: परवा इथे एकाने चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ पहिल्यांदाच पाहिला, भारावला आणि शेवटी लिहिलं, ‘असे सिनेमे चालत नाहीत, मराठी प्रेक्षकच करंटा.’ अहो, सिनेमा लागला एप्रिल २०१५ मध्ये. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजून, राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला होता. आमच्याकडे एकच खेळ, सकाळी पावणेबाराचा. रजा टाकून गेलो. तुम्ही तेव्हा कुठे होतात?

उशिरालतीफ: तो ‘एक’ म्हणजे मी. रजा टाकल्याचं पदक हवंय का? वीरा साथीदारांनी केलेला, खटल्यात अडकलेला लोकशाहीर नारायण कांबळे बघून झोप उडाली, म्हणून लिहिलं. साथीदार २०२१ मध्ये गेले, हेही मला आत्ता कळलं.

खुर्चीमोड: एकच खेळ म्हणे! त्याच महिन्यात सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइम सक्तीचा केला होता. आधी सहा ते नऊ म्हणाले, मग लगेच बारा ते नऊ. भरदुपारी बारा म्हणजे प्राइम टाइम! एका लेखिकेने टीका केली तर तिच्या घरावर वडापाव घेऊन मोर्चा. खेळ तिथेच राहिले.

आडवाट: बारा ते नऊमध्ये सात वाजताही येतात की. मागायला कोण गेलं?

खुर्चीमोड: मी गेलो होतो! मॅनेजर म्हणाला, वीस जण जमवा. जमवले, तर हिंदी सिनेमाचा खेळ वाढवला. तुम्ही शिकवू नका.

तालुका_वकील: खेळाच्या वेळा पुरे. सिनेमात बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकतच नाहीत, ते आठवतंय? माझ्या अशिलाला चपलेवरून परत पाठवलंय. लोक याला संथ म्हणतात. कोर्टात या, मग संथ कळेल.

तिसरीघंटा: सगळं खरं, पण सरकारी वकीलबाई नाटकाला जातात तो प्रवेश? परप्रांतीयांवर विनोद आणि सभागृह खदखदतंय. मराठी नाटक एवढंच का?

उशिरालतीफ: गीतांजली कुलकर्णींचं ते पात्र आधी घरी स्वयंपाक करतं, मुलांना वाढतं, म्हणून तर ते हसू टोचतं. नाटकाचा अपमान कसला? अशी नाटकं हाउसफुल्ल जात नाहीत का?

तिसरीघंटा: जातात. म्हणून तेवढंच दाखवायचं?

आडवाट: लतीफसाहेब, ‘करंटा’ मागे घेताय का?

उशिरालतीफ: घेतो. ‘पावणेबाराला मोकळा नसलेला प्रेक्षक’ असं वाचा. खूश?

खुर्चीमोड: आणि ते वीस जण?