सरासरी ५० नव्हे, ४८
पुष्कळांना वाटतं की एकाच रस्त्याने जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किमी वेग असला तर सरासरी वेग ५० येतो. तसा तो येत नाही. अंतर १२० किमी धरा: जायला ३ तास, यायला २. म्हणजे ५ तासांत २४० किमी, सरासरी ४८. कमी वेगात जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी तिकडे झुकते. दर दिसला की 'कशामागे?' हे आधी विचारायलाच हवं. टक्क्यांचंही तेच: १०० मध्ये २० टक्के वाढ, मग २० टक्के घट, की उरतात ९६, दुसरे २० टक्के १२० चे असतात. आणि सरळ रेषेचं सूत्र, म्हणजे दर गुणिले वेळ, दर स्थिर असेल तोवरच लावा. तळाला भोक पडलेली टाकी एकाच दराने रिकामी होत नाही, पातळी उतरते तशी धारही मंदावते.