६५० किमीसाठी ट्रेलरऐवजी रेल्वे कंटेनर: हिशोब कुठे फसतो?

प्रश्न
कारखाना ते गोदाम अंतर ६५० किमी. सध्या १३.६ मीटरचे ट्रेलर, आठवड्याला १२ फेऱ्या, प्रत्येकात १.२ × ०.८ मीटरची ३३ पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी), एकूण २१ टन. पॅलेटवर पॅलेट चढत नाही. रेल्वे टर्मिनल कारखान्यापासून ३५ किमीवर, पलीकडचं गोदामापासून २० किमीवर. मालगाडी आठवड्यातून तीनदा. रेल्वेचं भाडं ट्रकपेक्षा बरंच कमी, तरी दारापासून दारापर्यंत धरलं तर फरक जवळजवळ उरत नाही. कुठे चुकतंय? आणि माल भरताना काय बदलायचं?

फलाट_३
पहिली गफलत पॅलेटच्या संख्येत असणार. ४० फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण १२.०३ मीटर, रुंदी २.३५. एका रांगेत १० पॅलेट लांबीच्या दिशेने आणि दुसऱ्या रांगेत १५ आडवी, म्हणजे २५. तुमची ३९६ पॅलेट १२ नव्हे, १६ कंटेनर मागतात. वजनाचा प्रश्नच नाही: २५ पॅलेट म्हणजे १६ टनांच्या आत, रिकामा कंटेनर ३.८ टन, आणि मर्यादा ३०.४८ टन. तुम्ही जागेला अडताय, वजनाला नाही.
पॅलेटच्या मापाचा रुंद ४५ फुटी कंटेनर मिळाला तर ३३ बसतात आणि हिशोब पुन्हा १२ वर येतो. मात्र ६० फुटी वाघिणीवर (मालगाडीच्या डब्यावर) तो एकच बसतो, उरलेले १५ फूट वाया. त्या जागेचे पैसे कोण भरतं ते दर ठरवतानाच विचारा.

घोडा_चालू
वरच्याशी सहमत, पण खरा पैसा दोन्ही टोकांना जातो. ३५ किमीची फेरी किलोमीटरवर नाही, वेळेवर महाग पडते. घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग, कारखान्यात माल भरेपर्यंत उभा राहिला की दिवसात एक-दोन फेऱ्याच होतात. भरलेला कंटेनर उचलायचा, रिकामा चॅसिससकट (खालच्या चाकांच्या सांगाड्यासकट) सोडून जायचा, अशी पद्धत लावा. त्यासाठी दोन-तीन चॅसिस जास्त लागतात, तरी परवडतं.
टर्मिनलवर किती उचल लागतात तेही पाहा. ट्रकवरून थेट वाघिणीवर गेला तर एक. आधी यार्डात थप्पीला लागला तर दोन. पलीकडेही तेच. म्हणून कंटेनर फार आधी नेऊन टाकण्यात फायदा नाही, आणि कट-ऑफ (त्या गाडीसाठी कंटेनर देण्याची शेवटची वेळ) चुकला तर पुढच्या गाडीपर्यंत दोन-तीन दिवस. तेवढा साठा गोदामात जास्त ठेवावा लागेल, त्याचं व्याज हिशोबात घ्या. बहुतेक जण हा आकडा धरतच नाहीत.
रिकामे परत कसे येणार? परतीचा माल नसेल तर रिकाम्याचं भाडं भरलेल्याच्या माथी मारूनच तुलना करा. माझं मत: ठरलेली, न हलणारी मागणी रेल्वेने, वरची चढउतार ट्रकने. सगळंच रुळावर नेण्याचा हट्ट नको.

शंटिंगवाला
भरण्याबद्दल. रस्त्यावर पुढच्या दिशेने ०.८ जी (म्हणजे मालाच्या वजनाच्या ०.८ पट धक्का) आणि मागे ०.५ जी धरून माल बांधतात. रेल्वेत एरवी दोन्हीकडे ०.५ जी पुरतो, पण सुट्या वाघिणींचं शंटिंग (ढकलून जोडणं-तोडणं) होत असेल तर १.० जी धरायचा, तोही दोन्ही दिशांना. म्हणजे ट्रकवर ज्या बाजूची फारशी चिंता नसते, तीच दाराची बाजू इथे घातक. कंटेनरच्या टोकाची भिंत आणि दार कमाल पेलोडच्या (आत भरायच्या मालाच्या वजनाच्या) फक्त ०.४ पट भाराला तपासलेले असतात; दाराला टेकवून माल थोपवू नका. कोपऱ्यांच्या खांबांमध्ये आडवी लाकडं बसवून अडवा, पॅलेटखाली रबरी चटई घाला.
वर सांगितलेल्या २५ पॅलेटच्या मांडणीत रुंदीत ३५ सेंमी फट राहते. ती एका बाजूला न ठेवता मध्ये घ्या आणि हवेच्या पिशव्यांनी भरा. पिशवी खिळ्याला किंवा पॅलेटच्या धारदार कडेला लागली की फुटते, मध्ये पुठ्ठा हवाच. लांबीच्या कुठल्याही अर्ध्या भागात ६० टक्क्यांहून जास्त वजन नको.
दोन्ही टर्मिनलांमध्ये पूर्ण गाडी एकत्रच धावते की वाटेत वाघिणी तोडतात, हे आधी लेखी घ्या. बांधणीचा खर्च त्यावरच ठरतो.

प्रश्नकर्ता
पॅलेटचा आकडा ट्रेलरचाच धरला होता. १६ कंटेनर, रिकाम्यांची परत आणि साठ्याचं व्याज धरून पुन्हा मांडतो. ४५ फुटी उचलायला रीच स्टॅकरचा (कंटेनर उचलणाऱ्या यंत्राचा) स्प्रेडर, म्हणजे वरून पकडणारी चौकट, वेगळा लागतो का?

फलाट_३
सहसा नाही. कोपऱ्यांची कास्टिंग (पकडीसाठी भोकं असलेले पोलादी ठोकळे) ४० फुटांच्या जागीही असतात, त्यामुळे नेहमीचा स्प्रेडर तिथेच पकडतो. थप्पी लावण्याच्या जागेची लांबी मात्र टर्मिनलला विचारून घ्या.