जर्मनीतली जुनी स्मारकं आणि नाझींनी त्यांच्यावर मारलेला कब्जा : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, इथे जर्मनीत राहणारे आणि फिरून आलेले बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. छळछावण्यांबद्दल, न्यूरेंबर्गच्या मेळाव्यांच्या मैदानाबद्दल लिहून झालंय. इथे त्या वास्तूंबद्दल लिहा ज्या नाझींच्या कितीतरी आधीपासून उभ्या होत्या, भलत्याच कारणासाठी बांधलेल्या, आणि ज्या त्यांनी आपल्या म्हणून बळकावल्या. सुरुवात मी करते.

क्वेडलिनबुर्ग. हार्झच्या डोंगराळ भागाला लागून असलेलं छोटं गाव, लाकडी चौकटीच्या घरांनी भरलेलं, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत. टेकडीवर सेंट सर्वेशियसचं चर्च आहे. राजा हाइनरिश पहिला ९३६ साली वारला, त्याला इथे पुरलं आणि त्याची विधवा माथिल्डे हिने तिथेच स्त्रियांचा मठ सुरू केला. तो १८०३ पर्यंत चालला, म्हणजे साडेआठशे वर्षांच्या वर बायका तिथला कारभार बघत होत्या, जमीनजुमल्यासकट. मला खरं तर या बायकांसाठीच जायचं होतं.

आणि तिथे गेल्यावर कळतं की १९३६ मध्ये राजाच्या मृत्यूला हजार वर्षं झाली म्हणून हिमलर, एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेचा प्रमुख, २ जुलैला एसएसचा ताफा घेऊन आला आणि थडग्यापाशी भाषण ठोकलं. हाइनरिशने पूर्वेकडच्या स्लाव्ह लोकांशी लढाया केल्या होत्या ना, तेवढं हिमलरला पुरेसं होतं. पंचाईत अशी की राजाची हाडंच जागेवर नव्हती. मग एसएसने खणायला घेतलं, हाडं "सापडली" असं जाहीर केलं आणि १९३७ मध्ये थाटामाटात परत पुरली. युद्धानंतर ती पेटी उघडून तपासली तेव्हा सगळा बनाव निघाला. माथिल्डेची दगडी शवपेटी मात्र तिथेच आहे, शाबूत.

१९३८ मध्ये तर चर्चच ताब्यात घेतलं, प्रार्थना बंद, आणि आतली गॉथिक (टोकदार कमानींची) बाजू त्यांना पुरेशी "जर्मन" वाटेना म्हणून वेदीच्या मागे त्याहून जुन्या रोमनेस्क (गोल कमानींच्या) धाटणीची गोल भिंत नव्याने उभी केली. ती अजून आहे! आधी बाहेरून फेरी मारा, टोकदार कमानींच्या खिडक्या नीट बघा आणि मग आत जा, आत आणि बाहेर जुळतच नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, राग आला मला. इतक्या पिढ्या बायकांनी जपलेली जागा आणि त्यातून यांनी उचलला काय तर एक लढणारा राजा.

*

बर्लिनमध्ये राहतो. आईबाबा आले की विजयस्तंभ ठरलेला असतो, २८५ पायऱ्या असूनही बाबा चढतातच. बहुतेकांना वाटतं तो आधीपासून त्या मोठ्या चौकातच आहे. नाही! १८७३ मध्ये उद्घाटन झालं ते आज जिथे राइशटाग (संसदेची इमारत) आहे त्याच्या समोर, डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्सवरच्या विजयांसाठी, खांबावर चढवलेल्या सोनेरी तोफा त्या लढायांतल्याच. हिटलर आणि त्याचा आर्किटेक्ट श्पेअर यांना पूर्व-पश्चिम मोठा रस्ता हवा होता, नव्या राजधानीसाठी, म्हणून १९३८-३९ मध्ये अख्खा स्तंभ उचलून टियरगार्टनच्या मध्ये आणला आणि वर अजून एक टप्पा घालून उंच केला. बिस्मार्कचा पुतळाही सोबत आणला. एप्रिल १९३९ मध्ये हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं संचलन याच रस्त्यावरून गेलं. आपण चौकाखालच्या ज्या बोगद्यातून स्तंभाकडे जातो तोसुद्धा तेव्हाचाच. बाबांना हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, मग परत का नाही नेला? मला उत्तर देता आलं नाही पण प्रश्न अगदी बरोबर आहे असं मला अजून वाटतं.

*

क्वेडलिनबुर्गवालीला अनुमोदन, ब्राउनश्वाइगच्या कॅथेड्रलमध्येही हेच. हाइनरिश सिंह म्हणून बाराव्या शतकातला सरदार, त्याचं आणि त्याची बायको माथिल्डा (ही इंग्लंडची राजकन्या, वरची वेगळी) हिचं थडगं तिथे आहे. १९३५ मध्ये खोदकाम केलं, हिटलर स्वतः बघायला आला, आणि खाली ग्रॅनाइटचं नवीन तळघर बांधलं, चर्चचं "राष्ट्रीय पवित्रस्थान" करून टाकलं. कारण काय तर याने पूर्वेकडे राज्य वाढवलं, म्हणजे आपल्या युद्धाला पूर्वज मिळाला. सापडलेला सांगाडा नक्की कोणाचा यावरसुद्धा वाद आहेत. मी दर रविवारी त्या बाजूने जाते, तळघरात उतरले की थंडगार आणि गुळगुळीत दगड, वरच्या चर्चशी त्याचं काही नातंच वाटत नाही. वरच्या समाधीवरचे ते दोन झोपलेले दगडी चेहरे मात्र तेराव्या शतकातले, फार सुंदर, ते चुकवू नका.

*

वेवेल्सबुर्गबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही. पाडरबोर्नजवळचा त्रिकोणी किल्ला, १६०० च्या सुमाराला बिशपने बांधलेला, १९३४ मध्ये हिमलरने भाड्याने घेतला, एसएसचं केंद्र करायला. बांधकामासाठी शेजारी छळछावणी काढली, नीडरहागेन, तिथे १,२८५ कैदी मेले. आज किल्ल्यात यूथ हॉस्टेल आणि म्युझियम दोन्ही आहेत, आम्ही मुलांच्या शाळेच्या ग्रुपबरोबर राहिलो होतो. उत्तरेच्या बुरुजातल्या हॉलमध्ये जमिनीवर जे चक्रासारखं चिन्ह आहे त्याची पूजा करायला नवनाझी यायला लागले म्हणून म्युझियमने तिथे बीनबॅग टाकून ठेवलेत, मुलं त्यावर लोळत गाईडचं ऐकत होती. मला हा उपाय मनापासून आवडला.

*

लाइपझिगच्या राष्ट्रसंग्राम स्मारकाजवळ माझी रूम होती. १८१३ च्या लढाईच्या शंभराव्या वर्षी, १९१३ मध्ये उघडलेलं, ९१ मीटर, काळपट, बघूनच दडपण येतं. नेपोलियनविरुद्धच्या त्या लढाईत पाच लाखांवर सैनिक होते आणि सॅक्सनीचे (लाइपझिग ज्या प्रांतात आहे तिथले) लोक आधी नेपोलियनच्याच बाजूने लढत होते, लढाई चालू असताना फुटले, हे स्थानिक मित्र आवर्जून सांगतात. नाझींना हे असलं काही नको होतं, त्यांनी फक्त "एकजूट जर्मन" घेतला आणि पायथ्याशी मेळावे भरवले. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन शहरात शिरल्यावर शेवटचे काही सैनिक आत जाऊन बसले, तोफांचा मारा झाला, मग शरणागती. पुढे पूर्व जर्मनीच्या सरकारनेही ते पाडलं नाही, रशियन आणि जर्मन सैनिक एकत्र लढले होते एवढी बाजू धरून त्यांनी आपली भाषणं तिथे सुरू केली. एकच दगड आणि प्रत्येकाचा आपापला अर्थ. आता तिथे कॉयरचे कार्यक्रम होतात, आवाज इतका घुमतो की गाणाऱ्यांना थांबून थांबून गावं लागतं.

*

धागाकर्ती परत : वा, खूप छान लिहिताय सगळे. लाइपझिगचा आर्किटेक्ट ब्रूनो श्मिट्स, त्यानेच कुफहॉयझरचं स्मारक बांधलंय, जिथे दगडातला बार्बारोसा (बाराव्या शतकातला जर्मन सम्राट) झोपलाय आणि एक दिवस उठेल अशी दंतकथा आहे. हिटलरने १९४१ च्या रशियावरच्या स्वारीला त्याचंच नाव दिलं. तिथे कोणी गेलंय का? गाडी नसताना कसं पोचायचं आणि आत या सगळ्याबद्दल काही लिहिलंय का तेही सांगा, आम्ही पुढच्या सुट्टीत जायचा बेत करतोय.